जुनी गाडी तापतेय? आधी ‘कधी’ ते सांगा

जुनी फियाट नाहीतर ॲम्बेसेडर नव्याने घेतलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यात मला हमखास फोन करतो. “सर, गाडी तापतेय.” मी विचारतो, “कधी?” पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, “कधी म्हणजे... तापतेच की.” पैसे जायला इथूनच सुरुवात होते. हेच एक वाक्य घेऊन माणूस गॅरेजात जातो आणि गॅरेजवाला हाताला लागेल ते बदलत सुटतो.

माझी गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, वडिलांनी घेतलेली. इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) ओतीव लोखंडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. हेडचं हे ॲल्युमिनियम ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. सरकारी नियमात ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला गाडीला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात, म्हणजे आमची अजून त्या मानाची नाही. पण तापण्याच्या बाबतीत तिने सगळे धडे देऊन झालेत. साताऱ्यात राहायचं म्हणजे गावाबाहेर पडलं की चढ आहेच. कासला जा, यवतेश्वरचा घाट. पाचगणीला जा, पसरणीचा. पुण्याहून घरी या, खंबाटकी. जुना बोगदा फक्त जाताना मिळतो, येताना जुन्या रस्त्याने घाट चढूनच यावं लागतं. सपाट गावात जी गाडी दहा वर्षं खपून गेली असती, ती इथे पहिल्याच रविवारी उघडी पडते.

खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा. आधी फुकटातलं, मग शंभर-दोनशेचं आणि हेड खोलणं सगळ्यात शेवटी.

घाटात वाफ आली तर

हे आधी सांगतो, कारण बाकीचा लेख घरी निवांत वाचता येईल, हे नाही.

बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली की रस्त्याची कड गाठा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण ढिलं झालं की दाब जातो आणि शंभरच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी हात भाजतोच. खंबाटकीत एका गृहस्थांना मी हे करताना पाहिलंय. टॉवेल होता हातात, तरीही मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली.

दुसरी चूक त्याहून महागाची: तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं. शेजारचा कुणीतरी उत्साहाने बाटली घेऊन येतोच. त्याचे आभार माना आणि ती बाटली तुम्ही प्या. तापलेलं ॲल्युमिनियम एकाएकी गार झालं की हेड वाकतं, कधी ओतीव ब्लॉकला तडा जातो. वाफ थांबायची वाट बघायची, घड्याळ लावून चाळीस मिनिटं. वरच्या होजला (रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीला) हात लावता आला आणि दाबल्यावर तो मऊ लागला, म्हणजे दाब उतरला. मग जाड फडक्याने झाकण पाव फेरा फिरवून थांबायचं, फुस्स् आवाज संपू द्यायचा आणि त्यानंतरच काढायचं. इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं, बारीक धारेने घालायचं.

नुसता काटा वर चाललाय, वाफ अजून नाही, असं असेल तर इंजिन बंद करण्याची घाई नको. बाजूला घ्या, न्यूट्रलला टाका आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरा. पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्याच जोरावर फिरतात, त्यामुळे थोड्या जास्त फेऱ्यांवर पाणीही फिरतं आणि वाराही येतो. दोन-तीन मिनिटांत काटा खाली आला तर ठीक. नाही आला तर बंद.

काटा खरं बोलतोय का?

चाळीस वर्षांच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली की गाडी गार असतानाही काटा लालमध्ये जातो. उलट जोड सैल असेल तर इंजिन उकळत असतानाही काटा मध्येच बसून राहतो, आणि हा प्रकार जास्त धोक्याचा. तपासायला सेन्सर काढून स्वयंपाकघरात न्या (घरच्यांची परवानगी घेऊन), वायर लांबवून जोडा आणि उकळत्या पाण्यात धरून काटा कुठे जातो ते बघा. हे करताना सेन्सरच्या अंगाला अर्थची वायर जोडायला विसरू नका. एक गोष्ट लक्षात असू द्या: सातारा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणी १०० ला उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. कासच्या पठारावर बाराशे मीटरला ते आणखी दीड अंशाने खाली येतं.

बंदुकीसारखं दिसणारं, लांबून तापमान सांगणारं थर्मामीटर आता सहज मिळतं. जुन्या गाडीवाल्याने आधी ते घ्यावं, क्रोमची पॉलिश नंतर.

कधी तापते?

आता खरं काम. एक वही करा आणि चार दिवस फक्त लिहा. कुठे होतो, वेग किती, गिअर कुठला, काटा कुठे.

राजवाड्याकडून मोती चौकाच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना तापते आणि हायवेला लागल्यावर आपोआप उतरते, तर वारा कमी पडतोय. वेगात गाडी स्वतःच वारा घेते, हळू असताना सगळी भिस्त पंख्यावर. अशा गाडीचा बेल्ट, पंखा आणि रेडिएटरची जाळी बघा.

गावात एकदम शहाणी आणि हायवेवर सत्तरला गेली की वीस मिनिटांनी काटा चढतो, तर वारा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, खालचा होज चपटा होतोय किंवा पंपाची पाती गंजून खाल्ली गेलीत.

फक्त चढावर तापते, बाकी कुठे नाही? तर वरचं सगळं तपासाच, शिवाय टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बघा. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. माणसं रेडिएटर बदलतात आणि दोष असतो प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये.

सकाळी चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांत, गाडी अंगणातून निघाली नाही तोवरच तापली, तर पाणीच नाहीये किंवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद अडकलाय किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं पातळ पॅकिंग) गेलंय. अशी गाडी चालवू नका.

आणि एक प्रकार तापण्याचा नसतोच. दुपारी गाडी चहाला थांबवली, पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला, इंजिन फिरतं पण पकडत नाही, काटा मात्र मध्यावर. हे पेट्रोल तापून नळीत त्याची वाफ झाल्याचं लक्षण. इंजिनाजवळच्या, पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा, चालू होते. यासाठी लोकांनी वॉटर पंप बदललेले मी पाहिलेत.

पाणी आणि झाकण

सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून आत बघा. पाणी तोंडाशी हवं. तांबूस गढूळ दिसलं तर गंज, वर तेलाचे तवंग दिसले तर काळजी, आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरी पुटं दिसली तर आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलंय. आपल्याकडे माण-खटावकडचं बोअरचं पाणी ज्या तपेल्यात रोज तापवतात त्याचा तळ बघितलाय? खडूसारखा जाड थर. तोच थर रेडिएटरच्या नळीत बसतो, आणि ती नळी तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीची चपटी फट.

म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. कूलंट पाणी गोठू देत नाही, पण बर्फाची भीती आपल्याला नाही, तेव्हा निम्मं-निम्मं घालायची गरज नाही. मी तीस टक्के कूलंट आणि सत्तर टक्के पाणी ठेवतो. खरं सांगायचं तर उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरस असतं. कूलंट घालायचा तो गंज धरू नये म्हणून आणि उकळबिंदू थोडा वर सरकावा म्हणून. “कूलंट घातला आणि गाडी गळायला लागली” अशी तक्रार तुम्हीही कराल. गळती आधीचीच असते, गंजाने बुजलेली. कूलंटने गंज सुटला आणि भोक उघडं पडलं, इतकंच. सांडलेला कूलंट मात्र लगेच धुवून टाका. तो गोडसर लागतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

झाकणाकडे कुणी बघत नाही. त्याच्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते आणि प्रत्येक पौंडामागे उकळबिंदू साधारण दीड अंश वर नेते. म्हणजे सात पौंडांचं झाकण ठणठणीत असेल तर कासवरसुद्धा पाणी १०७ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तेच झाकण मेलेलं असेल तर ९६ ला उकळी. यवतेश्वरच्या वळणावर गाडी वाचते की फसते, हे कधी कधी या एका झाकणावर ठरतं. रबर कडक झालंय का, त्यावर चिरा आहेत का, स्प्रिंग अंगठ्याने फारच सहज दबते का, ते बघा. दाबाचा आकडा झाकणावरच ठोकलेला असतो. गाडीच्या पुस्तकात जो दिलाय तोच घ्या. “जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं” म्हणून चार पौंडांच्या जागी तेरा लावलं तर जुन्या पितळी टाकीच्या सांध्यांची झाळ उलते.

बेल्ट आणि पंखा

दोन पुल्यांच्या मध्ये बेल्ट अंगठ्याने दाबा. दहा ते पंधरा मिलिमीटर दबला तर बरोबर. त्याहून ढिला असेल तर घसरतो, आणि फार ताणला तर पंपाचं बेअरिंग खातो. बेल्टच्या आतल्या बाजूला काचेसारखी चकाकी आली असेल तर ताणत बसू नका, बदला.

पंख्याची पाती उलटी बसवलेली एक पद्मिनी मी पाहिलीय. रंग द्यायला काढली होती, परत लावताना पुढचा भाग मागे झाला. पंखा फिरत होता, वाराही येत होता, पण अर्ध्याने कमी. तपासायला इंजिन चालू असताना वर्तमानपत्राचा एक कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, ग्रिलजवळ धरा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. मागच्या बाजूला, फिरत्या पंख्याजवळ कागद किंवा हात अजिबात नको, आणि लोंबते गळपट्टे, दुपट्टे घरात ठेवून या.

बरेच जण सरळ विजेचा पंखा बसवतात. माझा विरोध नाही, पण दोन अटी आहेत. रिले आणि फ्यूजशिवाय बसवू नका, आणि गाडीत अजून जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर करा. डायनॅमो मंद फेऱ्यांवर नावापुरता करंट देतो. गर्दीत पंखा लागतो तेव्हाच बॅटरी उतरते, मग गाडी गार असते पण चालू होत नाही.

रेडिएटर

बाहेरून आधी. जाळीत किडे, गवताच्या काड्या, धूळ आणि कास-बामणोलीकडची लाल माती अडकलेली असते. पाण्याची धार मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे मारायची. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने नको, जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाटच बंद होते.

आतून सफाईसाठी इंजिन कोमट असताना खालचा कॉक उघडून पाणी काढा. ब्लॉकच्या बाजूलाही एक कॉक किंवा बोल्ट असतो, तो नवशिके विसरतात. सगळा गाळ मागच्या सिलिंडरच्या भोवती साचतो, तो तिथूनच निघतो. भोकातून काही आलं नाही तर पाणी संपलंय असं समजू नका, तारेने टोचून बघा, चिखल भळभळा बाहेर येतो. काढलेलं पाणी बादलीत घेऊन मापा. पुस्तकात दिलेल्यापेक्षा लिटरभर कमी भरलं, तर तेवढी जागा गाळाने खाल्लीय.

मग सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल. लिटरला चाळीस ग्रॅम घेतो मी. ते कोमट पाण्यात विरघळवून भरायचं, गाडी वीस मिनिटं चालवायची, गार होऊ द्यायची, काढायचं, आणि साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळखळून धुवायचं. जुने मिस्त्री धुण्याचा सोडा घालतात. पूर्ण लोखंडी इंजिनाला तो चालून जात असेल, पण ॲल्युमिनियमच्या हेडला सोडा खातो. कॉस्टिकचं तर नावही काढू नका.

एवढं करूनही हायवेवर तापत असेल तर गाडी तापवून, इंजिन बंद करून थर्मामीटरची बंदूक जाळीवर आडवी-उभी फिरवा. सगळीकडे तापमान वरून खाली हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. मग रेडिएटरवाल्याकडे. तो वरची-खालची टाकी झाळ सोडवून काढतो, प्रत्येक नळीतून चपटी पट्टी फिरवतो, पुन्हा झाळतो आणि हवा भरून हौदात बुडवून बुडबुडे बघतो. ही हौदाची परीक्षा समोर उभं राहून बघा. तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर असा तीनदा-चारदा दुरुस्त होतो, भंगारात देऊ नका. “ॲल्युमिनियमचा नवा टाकू, स्वस्त पडेल” म्हणणाऱ्याला तुमच्या पितळेचा भाव नक्की माहीत असतो.

होज, आणि माझे गेलेले पैसे

माझी गाडी एका वर्षी हायवेवर तापू लागली. गावात काही नाही, पण वाढे फाट्याच्या पुढे गेलं की काटा चढायला लागायचा. मी ‘कधी’ विचारायच्या आधीच्या काळातला, त्यामुळे एका गॅरेजात सांगितलं, “तापतेय.” त्यांनी रेडिएटर दुरुस्त केला, वॉटर पंप नवा टाकला, थर्मोस्टॅट काढून फेकला. बिल भरलं. गाडी वाढे फाट्याच्या पुढे गेली आणि तापली.

शेवटी तात्यांकडे नेली. तात्या म्हणजे फियाटवर पन्नास वर्षं हात काळे केलेले मिस्त्री, आता गॅरेज मुलाकडे आणि ते स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसतात. मी सगळी कहाणी सांगितली. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. उठले, बॉनेट उघडलं, इंजिन गरम होऊ दिलं आणि कार्बोरेटरची दांडी हाताने ओढून इंजिन चांगलं ओरडवलं. “मास्तर, वर काय बघताय? खाली बघा.”

खालचा होज, रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा, माझ्या डोळ्यांसमोर आत ओढला गेला आणि शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखा चपटा झाला. दांडी सोडली, होज पुन्हा गोल. उभ्या गाडीत, मंद फेऱ्यांवर तो अगदी नव्यासारखा दिसायचा. पंप खालून पाणी ओढतो, रबर आतून मऊ पडलेलं, त्यातली स्प्रिंग गंजून कधीच गेलेली. वेग वाढला की पंपच आपला गळा दाबून धरायचा.

“आता पाणी यायचं कुठनं?” तात्या म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. होजला आणि दोन क्लिपांना मिळून जे लागले ते आधीच्या बिलाच्या विसाव्या भागाइतकेही नव्हते.

तेव्हा होज नुसते बघू नका, चिमटीत धरून दाबा. भाकरीच्या पिठासारखा मऊ लागला तरी गेला आणि दाबल्यावर करकरला तरी गेला. चारही होज एकदम बदला, आणि खालच्यात स्प्रिंग आहे ना, ते दुकानातच बोट घालून तपासा.

थर्मोस्टॅट: इथे तात्यांचं आणि माझं पटत नाही

“आपल्याकडं काय बर्फ पडतंय व्हय? काढून टाका.” हे तात्यांचं मत आणि साताऱ्यातल्या निम्म्या मिस्त्र्यांचंही. माझं मत, ठेवा. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन लवकर गरमच होत नाही, गार इंजिन पेट्रोल जास्त खातं, तेलात पाणी आणि काजळी साचते, सिलिंडर घासतात. शिवाय काही इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून जाणारी एक आडवाट असते. थर्मोस्टॅट उघडताना ती बंद करतो. तो काढला की आडवाट कायम उघडी, आणि निम्मं गरम पाणी रेडिएटरला न भेटता परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्यामुळेच तापली.

तपासायला सोपा आहे. पातेल्यात पाणी, दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. दोघांपैकी काहीच तळाला टेकता कामा नये. अंगावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि नंतर दहाएक अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. न उघडणारा फेकून द्या, पण त्याच्या जागी नवा टाका. तात्यांना सांगू नका.

टायमिंग आणि मिक्श्चर

ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल सिलिंडरमध्ये काम करायच्या वेळी पुरतं जळत नाही. ते जळत जळत एक्झॉस्टमधून बाहेर पडतं आणि सगळी उष्णता हेडच्या वाटेने पाण्यात उतरते. लक्षणं अशी: चढावर दम नाही, दुसऱ्यावरून पहिला करावा लागतो आणि एक्झॉस्टचा पाइप रात्री लालसर दिसतो. डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले की टायमिंग सरकतं, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला झाला तरी सरकतं. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री असतात, तात्या त्यातलेच, पण तुम्ही टायमिंग लाइटने लावून घ्या. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढून बघा. ओढल्यावर जिभेला चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत. हवा येत राहिली तर फाटलाय.

मिक्श्चर पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असेल तरी इंजिन तापतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्लग काढा. टोक चॉकलेटी असेल तर उत्तम, काळं आणि काजळी धरलेलं म्हणजे जास्त पेट्रोल, पांढरट फिकट म्हणजे पातळ. मग कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि जेट बघा.

आणि चाकं. घाट चढून थांबल्यावर चारही चाकांच्या मध्यावर थर्मामीटर धरा. एखादं बाकीच्यांपेक्षा खूपच गरम असेल तर ब्रेक पकडून बसलाय. गाडी ब्रेक दाबून घाट चढत असेल तर बिचारं इंजिन काय करणार.

हेड गॅस्केट

आता शेवटची शंका. बाहेर कुठे थेंबही गळत नाही, तरी पाणी कमी होतं. सायलेन्सरमधून गरम इंजिनातही पांढरी वाफ येत राहते. तेलाची पट्टी काढली तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी. यातलं एक जरी असेल तरी ही परीक्षा करा.

गाडी पूर्ण थंड. फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, इंजिन चालू करा आणि टॉर्च मारून पाण्याकडे बघत राहा. दोन मिनिटंच, त्याहून जास्त नाही, बेल्ट काढलेलाय. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालेल. सोडावॉटरच्या बाटलीसारखे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय.

मग हेड उतरवावंच लागतं. नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. हेडच्या तळावर सरळ पट्टी कर्णावर, लांबीत, आडवी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं. एक दशांश मिलिमीटरची पट्टी कुठेही आरपार गेली तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करायलाच हवं. एकदा वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट सहा महिनेही टिकत नाही. परत बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळले जाताहेत का, ते बघा. “हाताला अंदाज आहे” हे उत्तर इथे चालत नाही.

परत भरणं आणि घाटाची परीक्षा

काहीही काम केलं तरी पाणी परत भरताना आत हवा अडकते. गाडीचं नाक चढाकडे करून उभी करा, आपल्या गावात त्यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा. पाणी गुडगुडत खाली जाईल, तेवढं भरा. होज दोन्ही टोकांना सारखा गरम लागला की झाकण लावा.

आता सकाळी, उन्हाच्या आत निघा. आधी मोती चौकातून दोन फेऱ्या, गर्दीची परीक्षा. मग हायवेला शेंद्रेपर्यंत जाऊन परत, वेगाची परीक्षा. दोन्हीत काटा मध्याच्या पुढे गेला नाही, तर समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट. उच्च गिअरवर इंजिनाला कण्हायला लावू नका. दुसरा टाका, फेऱ्या चांगल्या ठेवा, पंप आणि पंखा फिरू द्या. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, दोनेक मिनिटं तशीच चालू राहू द्या, मगच किल्ली फिरवा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी ही परीक्षा नको. कासला फुलांसाठी लागलेल्या रांगेत नव्या गाड्याही घाम गाळतात.

घरी आलात की गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना कागदावरचे डाग कुठल्या जागी पडलेत ते बघा, झाकण उघडा आणि पाणी तोंडापासून किती बोटं खाली गेलंय ते वहीत लिहा. पहिल्या दिवशी बोटभर खाली जातंच, अडकलेली हवा निघालेली असते. तेवढं भरा. तिसऱ्या दिवशीही बोटभरच कमी झालेलं दिसलं, तर मला फोन करा. पण आधी, कधी कमी होतं, ते लिहून ठेवा.